विश्लेषण : वर्डप्रेस सर्वांचे, मग चावी एकाच्या हाती कशी?

जगातील सुमारे ४३ टक्के संकेतस्थळे वर्डप्रेस या मोफत, मुक्त-स्रोत प्रणालीवर चालतात. ती कोणा एकाची नाही, अशीच तिची ख्याती. मात्र सप्टेंबर २०२४मध्ये एका व्यक्तीच्या निर्णयामुळे असंख्य संकेतस्थळांचे अपडेट अडले आणि या ख्यातीवरच प्रश्नचिन्ह लागले.

वाद कशावरून?

वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांची ऑटोमॅटिक ही कंपनी वर्डप्रेसवर आधारित सेवा विकते. डब्ल्यूपी इंजिन ही तिची प्रतिस्पर्धी होस्टिंग कंपनी. ती वर्डप्रेसच्या जिवावर कमावते, पण त्याच्या विकासाला फारसा हातभार लावत नाही आणि नाममुद्रेचा गैरवापर करते, असा मुलेनवेग यांचा आरोप. ऑटोमॅटिकने तिच्याकडे उत्पन्नाच्या ८ टक्के मोबदला मागितला. तोडगा निघाला नाही. २५ सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनसाठी वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे बंद झाले. २ ऑक्टोबरला कंपनीने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला.

कोड खुला असताना अडवणूक कशी?

वर्डप्रेसचा परवाना (जीपीएल) कोणालाही कोड वापरण्याची, बदलण्याची, विकण्याची मुभा देतो. खुद्द वर्डप्रेस २००३मध्ये बी२ या जुन्या प्रणालीच्या कोडवरच उभे राहिले. पण परवान्याची हद्द कोडपुरती. ‘वर्डप्रेस’ हे नाव फाउंडेशनच्या मालकीचे असून त्याच्या व्यावसायिक वापराचा अधिकार ऑटोमॅटिककडे आहे. प्लगइन आणि अपडेट जिथून येतात ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग तर मुलेनवेग यांच्या वैयक्तिक ताब्यात. विहीर गावाची, पण रहाट एकाचा, असा हा प्रकार.

झळ कोणाला बसली?

भांडणाशी संबंध नसलेल्या ग्राहकांना. प्लगइनमधील त्रुटी वेळेत दुरुस्त झाली नाही, तर हॅकरना आयती संधी मिळते. १२ ऑक्टोबरला २० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या डब्ल्यूपी इंजिनच्या ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनचे पानही ताब्यात घेऊन त्याचे नाव बदलण्यात आले. १० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे प्रवेश आणि प्लगइनचे पान पूर्ववत करण्यास सांगितले.

मुलेनवेग यांचे चुकले कुठे?

फुकट्या लाभार्थींचा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फायदा सर्वांनी घ्यायचा आणि देखभाल मोजक्यांनी करायची, ही मुक्त-स्रोत जगाची जुनी दुखरी नस. मात्र जीपीएल योगदानाची सक्ती करत नाही. परवान्यात नसलेली अट सार्वजनिक सेवा रोखून लादली, तर उद्या हीच वेळ कोणावरही येऊ शकते.

पर्याय आहे का?

अमेरिकेतील लॉरेन्स या शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मलेली जँगो ही वेब फ्रेमवर्क २००५मध्ये खुली झाली. २००८मध्ये तिच्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. नाममुद्रा या संस्थेकडे आहे आणि तिचे संचालक सदस्य निवडतात. तिथेही पैशांची चणचण असते, पण एकाच्या रागावर सारा डोलारा अवलंबून नसतो.

त्यामुळे संकेतस्थळासाठी प्रणाली निवडताना ‘कोड खुला आहे का?’ एवढेच विचारून भागणार नाही. नाव कोणाचे, सर्व्हर कोणाचा आणि निर्णय कोण घेतो, हेही विचारायला हवे. आणि बॅकअप मात्र स्वतःकडेच ठेवावा.