ओढणें आणि आवरणें

सांगलीच्या एका सुविद्य गृहस्थांनीं एक कौटुंबिक वाद आमच्याकडे निवाड्यासाठीं धाडला आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत, कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं, पत्नी व दोन मुलांसह राहतो. त्यानें सन १९९६ मध्यें तयार झालेली डॉज कंपनीची एक डिझेल पिकअप गाडी विकत घेतली असून, तिच्यामागें दहा हजार पौंडांचा, म्हणजे सुमारें साडेचार हजार किलो वजनाचा, राहण्याचा ट्रेलर जोडून सुटींत रॉकी पर्वत ओलांडण्याचा त्याचा बेत आहे. यावरून घरांत दोन तट पडले आहेत. वडील बंधु म्हणतात, असल्या म्हाताऱ्या गाडीस एवढें ओझें ओढावयास लावणें हा शुद्ध वेडेपणा होय. मुलास ताबडतोब मना करावें. धाकटे बंधु म्हणतात, जुनें तेंच मजबूत. मुलगा शहाणा आहे, काळजी कसली?

शाळेंत संस्कृताबरोबर पदार्थविज्ञानाचे तासही आम्ही पुष्कळ वर्षें घेतले असल्यामुळें हा वाद आम्हांस परका वाटला नाहीं. आमच्या मतें दोघेही बंधु एकाच प्रश्नावर भांडत आहेत. तो म्हणजे, गाडीस ओझें ओढवेल काय? आम्हांस त्याहून दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ओढलेलें ओझें तिला आवरेल काय?

प्रथम ओढण्याचा विचार करूं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें सन १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें आपलें यंत्र यशस्वी करून दाखविलें. त्यांतील युक्ति अशी कीं, इंधन पेटविण्यास ठिणगी लागत नाहीं. नळकांड्यांतील हवा सतरा-अठरा पट दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. एवढा दाब सोसावयाचा म्हणून या यंत्राची घडण जाड व भक्कम करावी लागते, आणि थोड्या फेऱ्यांतही तें मोठा पीळ देतें. डॉज पिकअपमध्यें कमिन्स कंपनीचें सहा नळकांड्यांचें ५.९ लिटरचें डिझेल इंजिन सन १९८९ च्या गाड्यांपासून बसूं लागलें. त्याची शक्ति अवघी १६० अश्वशक्ति होती. परंतु मिनिटास सुमारें १७०० फेऱ्यांना त्याचा पीळ ४०० फूट-पौंड होता. घोडा धांवण्यास चांगला व बैल ओढण्यास चांगला, हा भेद ज्यांस ठाऊक आहे त्यांस यापेक्षां अधिक सांगणें नलगे. सन १९९८ पर्यंतच्या या इंजिनांचा तेलाचा पंप सर्वस्वीं यांत्रिक होता. त्यांत संगणक नाहीं. सन २००७ पासून तिकडील नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडविणाऱ्या गाळण्या आल्या, व दुरुस्ती किचकट झाली. म्हणून जुन्या गाडीस तेथें आजही चाहते आहेत. अर्थात् गाळणी नसल्यामुळें तिचा धूर अधिक घातक, ही गोष्ट त्या चाहत्यांनींही विसरूं नये.

तेव्हां धाकट्या बंधूंचें म्हणणें एवढ्यापुरतें खरें. पण वयाचे दोष वयाबरोबर येतातच. या इंजिनाच्या पुढील दंतचक्रांच्या पेटींत एक लहानशी पोलादी खुंटी असते; वर्षानुवर्षांच्या थरथरीनें ती सैल होऊन दांत्यांत पडली, तर इंजिनाचा चुराडा होतो. ती पक्की करून घेण्याचा उपाय ठाऊक आहे व तो अवघड नाहीं. गाडीस आपोआप बदलणारे गिअर असतील, तर चढावर त्यांतील तेल तापतें, आणि तापलेलें तेल गिअरपेटीस खातें. म्हणून त्या तेलाची उष्णता दाखविणारें घड्याळ व तें थंड करणारी जाळी हीं दोन्ही पाहिजेत. शिवाय डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशीं अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर पोंचतो. तेथें हवा विरळ. इंजिनाची दमछाक व्हावयाचीच. अशा चढावर हट्टानें वेग राखूं नये. सावकाश चढणाऱ्यांसाठीं उजवीकडची वाट असते. तिचा आश्रय करण्यांत कमीपणा नाहीं.

आतां आवरण्याचा विचार, आणि येथेंच खरी गोम आहे. पिकअप अडीच हजार किलोंची व ट्रेलर साडेचार हजारांचा, मिळून सात हजार किलो धरा. रस्ता दर शंभर फुटांस सहा फूट उतरत असेल, तर दहा किलोमीटरांत ही गाडी सहाशे मीटर खालीं येते. शाळेंतील सूत्रानें गणित केलें, तर या उतरणींत जी ऊर्जा मोकळी होते, तिनें सुमारें १३० लिटर थंड पाणी उकळेल. तिचा कांहीं भाग हवेच्या व चाकांच्या विरोधांत खर्च होतो. बाकीची सर्व उष्णता ब्रेकांनीं किंवा इंजिनानें गिळावयाची. चढतांना गाडी थकली तर ती थांबते, एवढेंच. उतरतांना ब्रेक थकले तर ती थांबत नाहीं.

पेट्रोलच्या गाडींत पाय उचलला कीं हवेची झडप मिटते व इंजिन स्वतःच गाडीस मागें ओढूं लागतें. जुन्या डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. म्हणून त्याचा हा अटकाव फार दुबळा. त्यासाठीं धूर बाहेर जाण्याची वाट क्षणभर आवळणारा निराळा ब्रेक मिळतो. जुन्या गाडींत तो बहुधा मागाहून बसवून घ्यावा लागतो. आमच्या मतें रॉकी पर्वतांत जाणाऱ्यानें तो चैनीची वस्तु समजूं नये. उतार सुरू होण्यापूर्वींच वेग कमी करून खालचा गिअर घालावा. पायानें ब्रेक सतत दाबून धरूं नये, तर थोडा वेळ नेटानें दाबून वेग उतरवावा व मग त्यास निवूं द्यावें. वेग दीडपट झाला कीं गाडींतील जोर सव्वादोनपट होतो, हें ध्यानांत असावें. याच हमरस्त्यावर, डेन्व्हरजवळ लेकवुड येथें, सन २०१९ च्या एप्रिलांत डोंगर उतरून आलेल्या एका मालमोटारीचे ब्रेक निकामी झाले, व पुढें थांबलेल्या वाहनांतील चार निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. अशा अनावर गाड्यांसाठीं तेथें रस्त्याच्या कडेस वाळूखडीच्या चढत्या वाटा केलेल्या आहेत. आपल्याकडे आगगाडीच्या बोरघाटांत चढते फांटे ठेवण्यामागें हाच विचार आहे. आणि तेथील चढ तर सदतीस फुटांस एक फूट एवढाच!

दुसरी गोष्ट भार रचण्याची. आपले जुने गाडीवान हें शास्त्र पुस्तकावांचून जाणत. ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. पुढें अधिक झालें कीं मान दबते. ट्रेलरचेंही तसेंच. त्याच्या एकंदर वजनाचा दहा ते पंधरा शतांश भार जोडणीच्या गोळ्यावर यावा, असा तिकडचा नियम आहे. म्हणजे येथें साडेचारशें ते पावणेसातशें किलो. त्याहून कमी असेल, तर वेगांत ट्रेलर शेपटासारखा हेलकावे खाऊं लागतो, व अखेरीस ओढणाऱ्यासच उलथवितो. संस्कृतांत ‘धुर्’ म्हणजे जूं. तें धारण करणारा तो धुरंधर. आज आपण हा शब्द सभेंतील वक्त्यांस लावतों. पण मूळ अर्थीं, मानेवर योग्य भार असल्यावांचून कोणीच धुरंधर होत नाहीं.

आतां गृहस्थांस आमचा निवाडा. मुलास मना करूं नका. तो संसारी माणूस आहे. हजारों कोसांवरून आलेली आज्ञा तो एक तर मोडील, किंवा पाळून मनांत कुढेल. त्याऐवजीं वडील बंधूंनीं स्वतःच्या हातानें त्यास पत्र लिहून पुढील प्रश्न विचारावे.

गाडीच्या दारापाशीं लिहिलेली भाराची मर्यादा किती, आणि पाणी, भांडीं, सामान व माणसें यांसह खरें वजन किती भरलें? (पन्नास गॅलन पाणीच सुमारें १९० किलो होतें. ट्रकांच्या थांब्यांवर वजनकांटे असतात. अंदाजानें सांगूं नये.) ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चालतात काय, आणि सपाट मोकळ्या जागेंत हळू जातांना केवळ तेच हातानें लावून पाहिले काय? जोडणी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या तारेची व तिच्या बॅटरीची परीक्षा केली काय? सांखळ्या जोडणीखालून एकमेकींस छेदून बांधल्या काय? ट्रेलरचे टायर कोणत्या सालचे? (त्यांवरील चार आंकड्यांत पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात, २३१८ म्हणजे सन २०१८ चा तेविसावा आठवडा. वापर नसला तरी रबर म्हातारें होतें.) ती पोलादी खुंटी पक्की केली काय? आणि धुराचा ब्रेक बसविला काय?

या सर्वांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर वडील बंधूंनीं आनंदानें आशीर्वाद द्यावा. एकाचेंही उत्तर ‘पाहूं पुढें’ असें आलें, तर धाकट्या बंधूंनीं, जे मुलाच्या बाजूचे आहेत त्यांनींच, त्यास लिहावें कीं यंदाचा प्रवास डोंगर न चढतां, पूर्वेच्या सपाट मैदानांत कर. एका माणसाचें ऐकावयाचें नसेल तरी आपल्या पक्षाच्या माणसाचें मनुष्य ऐकतो. आणि मागच्या आसनावर दोन मुलें आहेत, पुढें रस्त्यावर दुसऱ्यांचींही मुलें आहेत, एवढें वाक्य दोघांनींही आपल्या पत्रांत घालावें.