मुंग्या, शिरा आणि विजेची परीक्षा

हातास मुंग्या येतात, ही तक्रार आपल्या घरांतून इतकी सामान्य समजली जाते कीं, ती ऐकून कोणी मान वर करूनहि पाहत नाहीं. आमच्या घरीं असेंच झालें. आमच्या वहिनींचा उजवा हात रात्रीं बधिर होई. त्या उठून बसत, हात झटकीत आणि पुन्हां निजत. पुढें दिवसाहि त्यांच्या हातून पेला निसटूं लागला. "अगं, लक्ष कोठें असतें तुझें?" असें आमच्या मातोश्री एकदां सर्वांदेखत म्हणाल्या. आणि आम्हीं, वाचनाचा बराच अभिमान बाळगीत असतांहि, नारायण तेल चोळण्याचा सल्ला देऊन मोकळे झालों. यांत दोन वर्षें गेलीं. अखेर अंगठ्याच्या बुडाशीं जो मांसल उंचवटा असतो, तो वहिनींच्या उजव्या हातावर जवळजवळ सपाट झाला आहे, ही गोष्ट वैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या आमच्या भाच्याच्या नजरेस आली.

डॉक्टरांनीं 'नर्व्ह कंडक्शन' आणि 'ईएमजी' या दोन परीक्षा करण्यास सांगितलें. त्यांत विजेचा उपयोग करितात हें कळतांच घरांत एकच गडबड उडाली. विजेचे झटके वेड्यांस देतात, वहिनींस काय झालें आहे, इथपर्यंत बोलणें गेलें! हा गैरसमज इतर घरांतूनहि असावा असें वाटल्यावरून या महिन्याचें टिपण त्यालाच वाहिलें आहे.

प्रथम भाषेचा थोडा घोटाळा निस्तरणें अवश्य आहे. आपण 'शीर' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावितों. मनगटावर जी निळी दिसते ती शीर म्हणजे रक्तवाहिनी. मान आखडली कीं जी 'शीर धरली' म्हणतों तो बहुधा स्नायू. आणि जी 'शीर दबली' म्हणतों ती मज्जातंतु. रात्रीं पोटरींत गोळा आला तर 'शिरेवर शीर चढली' असें म्हणावयासहि आपण कमी करीत नाहीं. आणि शीर म्हटली कीं तेल आलेंच. तेल स्नायूस सुख देईल. हाडांच्या आणि स्नायुबंधाच्या बोगद्यांत चेंगरलेल्या मज्जातंतूपाशीं तें पोंचणार कसें?

मज्जातंतूंतून निरोप जातो तो विद्युद्रूपानें, ही कल्पना जुनी आहे. बोलोन्या येथील गॅल्व्हानी यानें बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. तरीहि हा निरोप किती वेगानें जातो, हें मोजतां येणार नाहीं असें योहानेस म्यूलर यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचें मत होतें. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ यानें १८५० सालीं बेडकाच्याच पायावर तो वेग मोजून दाखविला. तो भरला सेकंदास सुमारें २७ मीटर! विचारासारखा क्षणार्धांत धांवणारा म्हणून ज्याचा लौकिक, तो निरोप आगगाडीच्या वेगानें जातो हें ऐकून त्या काळच्या विद्वानांस थोडें अपमानास्पदच वाटलें असेल. पुढें १९२९ सालीं एड्रियन व ब्रॉंक यांनीं स्नायूंत खुपसावयाची विशेष सुई तयार केली, आणि १९४८ च्या सुमारास जखमी माणसांच्या मज्जातंतूंचा वेग मोजण्याचें काम अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. आज जी परीक्षा होते ती या दोन धाग्यांची वीण आहे.

पहिल्या भागांत सुई नसते. अंगठ्याच्या बुडाशीं त्वचेवर एक पट्टी चिकटवितात, आणि मनगटापाशीं मज्जातंतूवर विजेचा अगदीं क्षणिक ठोका देतात. अंगठा आपोआप उडतो. कोपर अंगावरून भिंतीवर आपटलें म्हणजे जी झिणझिणी येते, तिच्याच जातीची ही वेदना. फार तर थोडी तीव्र. मग तोच ठोका कोपराशीं देतात. समजा, दोन जागांतील अंतर २२ सेंटिमीटर, आणि निरोप पोंचण्यास सेकंदाचे चार सहस्रांश अधिक लागले. म्हणजे वेग झाला सेकंदास ५५ मीटर, ताशीं सुमारें दोनशें किलोमीटर. हातांत ५० च्या वर आणि पायांत ४० च्या वर वेग असला म्हणजे साधारणतः ठीक समजतात. मज्जातंतूवरील आवरण झिजलें तर वेग मंदावतो. आंतला तंतूच मेला तर वेग फारसा न घटतां उमटणारी लाट ठेंगणी होते. या भेदावरून रोगाची जात ओळखतां येते. हात गार असला तरीहि वेग कमी भरतो, म्हणून चांगले परीक्षक आधीं हात ऊबदार करून घेतात. थंडीच्या दिवसांत कोणी तसें न केलें तर रुग्णानें स्वतः आठवण द्यावी; त्यांत भिडेचें कारण नाहीं.

दुसऱ्या भागांत बारीक सुई स्नायूंत घालितात. तीतून औषध जात नाहीं, वीजहि जात नाहीं. ती केवळ ऐकते. स्वस्थ स्नायू विसांव्यांत असतां निःशब्द असतो, आणि आकुंचन पावतांच यंत्राच्या कर्ण्यांतून खरखर ऐकूं येते. परंतु ज्याचा मज्जातंतु तुटला किंवा मेला आहे असा स्नायू विसांव्यांतहि गप्प राहत नाहीं. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसा टपटप ध्वनि काढितो. कोंकणांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस हा आवाज वर्णून सांगावा लागणार नाहीं. हे ध्वनि इजा झाल्यावर लगेच उमटत नाहींत, दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून अपघाताच्या दुसऱ्याच दिवशीं परीक्षा करून 'कांहीं नाहीं' असा निर्वाळा मिळाला तर तो शेवटचा समजूं नये.

या परीक्षेच्या मर्यादाहि आहेत. ती मोठे व जाड तंतु पाहते. तळपायांची आग करणारे अतिसूक्ष्म तंतु बिघडले असतील, तर निकाल निर्दोष येऊं शकतो, आणि तक्रार मात्र खरी असते. मधुमेही माणसांच्या घरीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. मेंदूंतील रक्तस्रावामुळें अंग लुळें पडलें तर त्याचा शोध या यंत्रानें लागत नाहीं. २०२५ च्या जानेवारींत पुण्यांत, सिंहगड रस्त्याच्या बाजूस, गियां-बारे विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले, तेव्हां या परीक्षेचें नांव घराघरांत पोंचलें. त्या विकारांत शरीराचें रक्षण करणारें बळच मज्जातंतूंवर उलटतें. पायांपासून दुर्बलता चढत जाते, आणि कांहींचा श्वासहि अडतो. त्याचें वर्णन १९१६ सालीं गियां, बारे व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनीं दोन सैनिकांवरून केलें होतें. त्यांतहि पहिले कांहीं दिवस आलेख जवळजवळ निर्दोष येऊं शकतो. तज्ज्ञ डॉक्टर केवळ त्यासाठीं उपचार थांबवीत नाहींत.

परीक्षेस उपाशी जावें लागत नाहीं. हातापायांस तेल किंवा मलम लावून मात्र जाऊं नये, पट्ट्या नीट चिकटत नाहींत. हृदयांत यंत्र बसविलें असेल किंवा रक्त पातळ करणारें औषध चालू असेल तर तें आरंभींच सांगावें.

वहिनींची परीक्षा पाऊण तासांत आटोपली. मनगटापासून अंगठ्यापर्यंत निरोप जाण्यास चार सहस्रांश सेकंद, किंवा किंचित् अधिक, लागावेत. तेथें लागले सात. करंगळीचा मज्जातंतु निराळा, तो निर्दोष निघाला. मनगटांतील अरुंद बोगद्यांतून नऊ स्नायुरज्जूंच्या सोबतीनें जो मज्जातंतु अंगठा, तर्जनी, मधलें बोट आणि अर्ध्या अनामिकेकडे जातो, तोच तेथें दबला होता. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. गरोदरपण, मधुमेह व गलग्रंथीची मंदता हीं त्यास निमित्त होतात. आरंभीं रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधल्यानें पुष्कळांस आराम पडतो. वहिनींच्या बाबतींत ती वेळ टळून गेली होती. बोगद्यावरील स्नायुबंध कापावा लागला.

शस्त्रक्रियेच्या चौथ्याच रात्रीं त्या प्रथम सलग झोंपल्या. मातोश्रींनीं सकाळीं त्यांस उठविलें नाहीं, चहा स्वतः केला. डाव्या हातासहि थोडा दोष निघाला, त्याला पट्टी चालू आहे. उजव्या अंगठ्याचा उंचवटा मात्र अजून भरून आलेला नाहीं. डॉक्टर म्हणतात, कदाचित् पूर्ण भरणारहि नाहीं. लोणच्याच्या बरणीचें झांकण उघडावयाचें असलें कीं वहिनी आम्हांस हांक मारितात, आणि आम्ही हातांतलें वाचन टाकून जातों.