राउटरची हरवलेली किल्ली

साताऱ्याच्या शनिवार पेठेतील एका भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, घरातील राउटर धाकट्या दिरांच्या चिरंजीवांनी लावून दिला, पासवर्ड त्यांनीच ठरविला, आणि आता ते नोकरीनिमित्त परमुलखी आहेत. त्यांस तो आठवत नाही. घरच्या चौदा माणसांपैकी कोणी तो टिपून ठेविला नाही. तेव्हा हे यंत्र टाकून नवे घ्यावे काय?

नवे घेण्याचे मुळीच कारण नाही. मात्र प्रथम हे ध्यानात घ्यावे की, राउटरला कुलुपे दोन असतात. एक वाय-फायचे, म्हणजे वाड्याच्या दिंडीचे. ते उघडले की फोन आत येतो. दुसरे यंत्राच्या कारभाराचे, म्हणजे कोठीचे. ते उघडल्यावाचून पहिले बदलता येत नाही. कोणते कुलूप अडले आहे हे न पाहताच पुष्कळ लोक घाईने यंत्राशी झटापट करू लागतात.

दिंडीचीच किल्ली हरवली असेल, तर घरात अद्याप जोडलेला एखादा फोन असतोच. ॲन्ड्रॉइड 10 व त्यापुढील फोनात वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ म्हटले की चौकोनी क्यूआर चित्र उमटते. नव्या फोनाने ते टिपावे. आयफोनात 2022 च्या आयओएस 16 पासून पासवर्ड अक्षरशः वाचता येतो. आणि राउटर उलटा करून त्याच्या पोटावरील चिकटपट्टी वाचावी. पासवर्ड कोणी बदललाच नसेल, तर तो तेथे छापलेला असतो.

कोठीसाठी संगणक केबलने जोडून, चिकटपट्टीवर दिलेला पत्ता (बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1) ब्राउझरमध्ये घालावा व छापील नाव-पासवर्ड वापरून पाहावा. तेही चालले नाही, तरच रीसेटचे छिद्र. यंत्र चालू ठेवून टाचणीने आतली कळ सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागले म्हणजे काम झाले. नुसते बटण बंद-चालू केल्याने काही होत नाही.

असे छिद्र ठेवणे म्हणजे चोरास वाट देणे नव्हे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचा हात यंत्रास लागतो तो घरचाच, असे कारखानदाराने गृहीत धरले आहे. म्हणून राउटर ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी नसावा. शेजाऱ्याच्या यंत्रावर हा प्रयोग अर्थातच करू नये. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तो अपराध ठरू शकतो.

आता खरी मेख. रीसेटने कुलूप उघडते, पण कोठीही रिकामी होते. कंपनीच्या जोडणीचे नाव-पासवर्ड त्यात भरलेले असतील, तर तेही पुसले जातात आणि घराचे इंटरनेटच बंद पडते. फायबरच्या कित्येक यंत्रांत ही माहिती ग्राहकापाशी नसतेच, व पुष्कळदा यंत्रही कंपनीचेच असते. यास्तव टाचणी उचलण्यापूर्वी कंपनीस दूरध्वनी करावा, आणि ती माहिती कागदावर उतरल्यावरच कळ दाबावी.

रीसेटनंतर कारखान्याचा पासवर्ड परत येतो, आणि तो जगास ठाऊक असतो. जुलै 2017 मध्ये भारत संचार निगमाच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका दुष्ट प्रोग्रामने निकामी केले. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांच्याच यंत्रांत तो शिरला. तेव्हा कोठीचा पासवर्ड तत्काळ बदलावा. वाय-फायचे जुने नाव व पासवर्ड आठवत असल्यास तेच पुन्हा ठेवावे. घरातील सर्व फोन व दूरदर्शन संच आपोआप जोडले जातात, आणि सूनबाईंची पाऊण दुपार वाचते.

कित्येक वडीलधाऱ्यांस ही किल्ली निराळ्याच हेतूने हवी असते: नातवंडांचे रात्रीचे इंटरनेट बंद करण्यासाठी. पुष्कळ राउटरांत तशी वेळ नेमता येते. पण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये गावकऱ्यांनी किल्लीवाचूनच ते साधले. सायंकाळी सातला भोंगा वाजे, आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन व मोबाइल बाजूस ठेवले जात. भोंग्यास मोठी माणसेही बांधलेली होती. राउटरच्या कुलुपात तेवढे सामर्थ्य नाही, हे आजोबांनी पाहावे.

राहता राहिली टिपण्याची गोष्ट. दोन्ही पासवर्ड, जोडणीचे नाव व कंपनीचा दूरध्वनी क्रमांक हे सर्व घरच्या हिशेबाच्या वहीत असावे, आणि ती वही कोठे असते हे निदान तिघांस ठाऊक असावे. त्यांत एक तरी सासूबाई किंवा सूनबाई असावी, कारण घरी दिवसभर यंत्राशी गाठ पुष्कळदा त्यांचीच पडते. सांगलीच्या गावभागातील मंडळींनी वही खालच्या फडताळात न ठेविता माळ्यावर ठेवावी. 2019 च्या ऑगस्टात कृष्णामाई तेथे घराघरांत शिरली होती, आणि 2021 च्या जुलैतही आली होती.