हज-उमराहचा पैसा आणि व्यापाऱ्याची नजर

आपल्या दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारी मक्का-मदिनेच्या बाजारात उतरला की हिशेब विसरतो, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पवित्र भूमीत पैशाचा विचार कसला, असा भाबडा समज यामागे असतो. वस्तुतः सूरह बकराच्या १९८ व्या आयतीत हजच्या काळात रोजी शोधण्यास मोकळीक आहे आणि त्याच सूरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. तेव्हा हिशेब ठेवणे इबादतीच्या आड येत नाही, हे आधी मनात पक्के करावे.

पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना रियाल कमिटीकडूनच मिळत. २०२३ पासून ती सोय ज्याची त्याने करायची आहे. इथेच पहिली फसगत होते. रियालचा भाव १९८६ पासून डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला पावणेचार रियाल. म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.७५ ने भागले की रियालचा खरा भाव निघतो. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल २४ ला पडतो. दलालाने साडेपंचवीस मागितले तर दोन हजार रियालमागे तीन हजार रुपये त्याच्या खिशात गेले! रियाल परवानाधारकाकडूनच घ्यावेत व पावती जपून ठेवावी. पन्नास हजार रुपयांवरचे परकीय चलन रोखीने घेता येत नाही, चेकने किंवा बँकेतूनच पैसे द्यावे लागतात.

तिथे कार्ड वापरताना यंत्र विचारते, बिल रुपयांत की रियालमध्ये? रुपये पाहून बरे वाटते, पण तो भाव यंत्रवाल्याने लावलेला व चढा असतो. रियालच निवडावा. जुलै २०२० पासून सौदीत मूल्यवर्धित कर १५ टक्के आहे व तो दागिन्यावरही लागतो. घासाघीस करताना कर धरून भाव विचारावा.

सोन्याबाबत तर गैरसमज फार. पुरुषाला २० व स्त्रीला ४० ग्रॅम दागिने बिनजकात आणता येतात, हे सर्वांना पाठ असते. ही सवलत परदेशात वर्षाहून अधिक राहिलेल्यांसाठी आहे, चाळीस दिवसांच्या हाजीसाठी नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. घरचे मोठे दागिने घालून जायचे असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडे नोंद करून दाखला घ्यावा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे पाकीट. उमराहचे फुकट तिकीट देऊन येताना सोने आणायला लावणारे लोक गरीब कारागिरांनाच गाठतात. पकडला जातो तो आणणारा, पाठवणारा नामानिराळा राहतो. आत काय आहे हे न पाहता उचललेल्या पाकिटाला अमानत म्हणणे, हा अमानत या शब्दाचा अपमान आहे. अशा वेळी ओळख, नातेगोते न पाहता स्पष्ट नकार द्यावा.

सोबतचा हाजी अडला तर उसने रियाल जरूर द्यावेत, पण रक्कम व तारीख लिहून. रियाल दिले तर रियालच परत घ्यावेत किंवा फेडीच्या दिवशीच्या भावाने रुपये. यात भांडणाला जागा उरत नाही.

शेवटी भेटवस्तूंविषयी. हाजी परतला की साऱ्या भावकीला जानमाज, तसबीह, टोपी हवी असते. त्यासाठी कर्ज काढणारेही आहेत. तिथल्या बाजारातला यातला पुष्कळ माल चीन-तुर्कस्तानात बनलेला असतो, आणि इकडे सोलापूर, मालेगाव, भिवंडीचा आपला विणकर गिऱ्हाइकाची वाट पाहतो. खजूर आणि झमझम आणावे. बाकीची खरेदी आपल्याच कारागिराकडे करावी. भेट देणाऱ्याचा पैसा वाचेल आणि विणणाऱ्याच्या घरी चूल पेटेल. आमचे व्यापारी बांधव यावर विचार करतील, अशी आशा आहे.