पंच फितला!

‘हरणे’ या क्रियापदाचा कर्तरी प्रयोग आमच्या तालमींच्या व्याकरणातून केव्हाच बाद झाला आहे. समोरचा पैलवान हरतो; आमचा कधी हरत नाही, त्याला हरवण्यात येते. कोणी हरवले असे विचारावे तर उत्तर तयारच असते : पंच फितला! वाळवा-मिरजेपासून वर कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत कृष्णाकाठच्या कोणत्याही यात्रेच्या मैदानाहून परतणाऱ्या माणसांच्या गाडीत कान देऊन बसावे. हे दोन शब्द ऐकू आले नाहीत तर ती गाडी जिंकलेल्यांची आहे असे खुशाल समजावे.

हे आम्ही कोणा परक्याच्या दोषाविषयी लिहीत नाही. गेल्या चैत्रात साताऱ्याच्या बाजूच्या एका गावी यात्रेचे मैदान होते. आमच्या तालमीतील एका पोराची जोड तेथे लागली होती, म्हणून सांगलीकडून तीस-पस्तीस माणसे टेम्पोत उभी राहून गेली. त्यांत आम्ही होतो, आणि ओरडणाऱ्यांत आमचाही कंठ होता.

समोरचा मल्ल त्याच गावचा. म्हणजे हलगी त्यांची, टाळ्या त्यांच्या, आणि पंचही त्यांच्याच तालुक्याचे. वीस मिनिटे खडाखडी झाली. आमच्या पोराने लावलेली ढाक अर्ध्यावर सुटली. त्याने ओढलेल्या घिश्श्यातून आमचा पोर पालथा पडून निसटला. जुन्या रिवाजाप्रमाणे अशी कुस्ती बरोबरीत सुटावयाची. हल्ली ती गुणावर नेतात. प्रथम कब्जा घेईल तो विजयी. दोन मिनिटेही गेली नसतील, तोच समोरच्याने खाली वाकून पट काढला, क्षणात तो पाठीवर आला, शिट्टी झाली आणि पंचांनी त्याचा हात वर केला. आमच्यातील दहा-बारा जण आखाड्यात घुसले. पंचांच्या सदऱ्यास हात घालण्यापर्यंत मजल गेली. गावच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून प्रकरण मिटवले म्हणून पुढचा अनर्थ टळला. आम्ही आखाड्यात उतरलो नाही. परंतु जागेवरून जे ओरडलो ते येथे छापण्याजोगे नाही. आता खरे सांगावयाचे तर आम्ही बसलो होतो तेथून आमच्या पोराचा पाय दिसत नव्हता, आणि कब्जाही दिसत नव्हता. दिसत होती ती केवळ पंचांची पाठ. तेवढ्यावरून आम्ही त्यांचे अंतःकरण ओळखले!

परतीच्या वाटेवर साऱ्या साताऱ्याचा उद्धार झाला. परका मुलूख, दुसरे काय व्हायचे? १९४९ साली वेगळा काढलेला आमचा जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ याच नावाने ओळखला जात होता, हे त्या टेम्पोत कोणास आठवले नाही. आम्हांस आठवले, पण बोलण्याचे धैर्य झाले नाही.

यावर आमचे तालीमबंधू विचारतील की, पंच कधी चुकत नाहीत काय? पक्षपात होत नाही काय? होतो. याच मातीतील सर्वांत मोठ्या मल्लाच्या बाबतीत तो झाला असे सांगतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. पुढे १९५२ च्या निवडीपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला, असे त्यांच्या चरित्राविषयी सांगण्यात येते. एकच गुण! मग खाशाबांनी काय केले? पंचाची गचांडी धरली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्यास आस्मान दाखवले. अन्याय झाला असे म्हणणारास पुन्हा मातीत उतरण्याची तयारी ठेवावी लागते. आमच्या टेम्पोतील कोणत्या वीराची ती तयारी होती?

पुढे हेलसिंकीस जपानच्या इशीशी त्यांची झुंज पंधरा मिनिटांहून अधिक चालली. खाशाबा चीत झाले नाहीत, निर्णयावर हरले. त्यानंतर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत मल्ल ममेदबेकोव्ह याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, परंतु तो दाखवून देण्यास एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जागेवर हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले, आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. येथे अन्याय पंचाचा की आपल्या गैरहजर माणसांचा? ज्यांनी त्या घटकेस आखाड्याच्या कडेला उभे राहावयाचे, ते नव्हते. आम्ही मात्र यात्रेच्या मैदानात, जेथे आमची काडीचीही गरज नसते, तेथे तीस जण आखाड्यात शिरतो!

या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूर-साताऱ्याकडे घरोघर माहीत आहे. पाठीराखा म्हणावे ते यास. खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यातील नोकरीनंतर निवृत्तिवेतनासाठी हाच मल्ल खेटे घालीत होता, तेव्हा त्या गाड्यांपैकी एकही जुंपली गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आरडाओरडा स्वस्त असतो. घर गहाण पडते ते महाग!

असो. अलीकडे या आरोळीचे रूपांतर कशात झाले आहे ते पाहावे. २०२३ च्या जानेवारीत पुण्यास महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत महेंद्र गायकवाड यांना एका डावाचे चार गुण मिळाले, सिकंदर शेख हरले, आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. एका पंचास दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. ते चार गुण योग्य होते की नव्हते, यावर जाणत्यांत आजही दुमत आहे आणि ते असावे. परंतु ज्याच्यासाठी धमक्या दिल्या गेल्या तो मल्ल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलगावच्या मैदानात उतरला आणि गदा घेऊन गेला. धमकी देणाराने त्या विजयात कोणती भर घातली? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरास तर मल्लानेच पंचास लाथ मारल्याचा प्रकार झाला, आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. आम्ही त्या मल्लांस दोष देण्याआधी स्वतःकडे पाहतो. दहा वर्षांच्या पोरास टेम्पोत बसवून ‘पंच फितला’ हा मंत्र शिकवावयाचा, आणि तो मोठा होऊन लाथ उगारू लागला की संस्कारांच्या नावाने गळा काढावयाचा, हा कोठला न्याय?

‘एका गुणाची हार ही हारच नव्हे,’ असाही एक युक्तिवाद आमच्या तालमीत चालतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यास झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असे हरवले. कोल्हापुरास एकवीस वर्षांनी गदा मिळाली. ती गदा एका गुणाची म्हणून पोकळ होती काय? जिंकताना एक गुण पुरतो, हरताना तो पुरत नाही, असे हे विलक्षण गणित!

मैदान भरवणारांसही आम्ही मोकळे सोडणार नाही. निवेदक तासभर देणगीदारांची नावे वाचतो, परंतु कुस्ती गुणावर जाते त्या वेळी गुण कशाचा आणि मिळतो केव्हा हे दोन वाक्यांत सांगत नाही. छायाचित्रणाची साधने आज खेड्यापाड्यांत आहेत. निर्णायक डाव पडद्यावर पुन्हा दाखवावयास फारसा खर्च येत नाही. हे झाले तर निम्मे संशय जागीच विरतील. उरलेले निम्मे विरणार नाहीत, कारण त्यांचा उगम डोळ्यांत नसून अभिमानात आहे.

त्या अभिमानास प्रेम म्हणण्याची चाल आहे. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या सांगलीस झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडी जिंकल्या. आम्ही आनंदाने नाचलो आणि ते योग्यच झाले. कल्याणहून आलेल्या वैष्णवी पाटील अंतिम कुस्ती परमुलखात हरून घरी परतल्या. त्या रात्री पंचांच्या सचोटीविषयी सांगलीत कोणास शंका आली नाही! आपल्या गावी पंच देवमाणूस, आणि वेस ओलांडली की चोर. हे प्रेम असेल तर ते जकात नाक्यापर्यंतच पोचणारे आहे.

आता त्या टेम्पोकडे पुन्हा वळू. आमचा पोर मागच्या फळीस टेकून बसला होता. अंगावरची माती त्याने धुतली नव्हती. कऱ्हाड मागे पडेपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही. भोवती पंचांच्या सात पिढ्यांची चौकशी चालली होती. मग त्याने सहज विचारावे तसे विचारले, “वस्ताद, त्यानं माझा पट कुठल्या बाजूनं काढला? मला कळलंच नाही. कुणी बघितलं का?”

वस्तादांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही शेजाऱ्याकडे पाहिले. तीस-पस्तीस माणसे त्याच्यासाठी मैलोगणती आली होती, आणि तो डाव कोणी पाहिला नव्हता. अखेर वस्तादच म्हणाले, “त्यांच्या वस्तादानं जाताना सांगितलंय मला. पोरा, तुझा डावा पाय पुढं राहतो. उद्या पहाटे चारला ये.”

टेम्पोत थोडा वेळ शांतता झाली. मग पेठनाक्याच्या आसपास कोणीतरी पुन्हा पंचांचा विषय काढला.