मुलांचा ईमेल आज रात्रीच उघडून बघा!

मलकापूर, आगाशिवनगर आणि ढेबेवाडी रस्त्यावरच्या गावांतील पालक व विद्यार्थ्यांना तातडीचे आवाहन

परीक्षांचे अर्ज सुरू झाले की ढेबेवाडी फाट्यापासून कोल्हापूर नाक्यापर्यंत प्रत्येक नेट कॅफेत रांग लागते. केंद्रचालक विचारतो, ‘‘ईमेल काय टाकू?’’ पोरगं आईकडे बघतं, आई पोराकडे बघते. मागे दहा जण खोळंबलेले. मग तो स्वतःचाच ईमेल टाकतो आणि पावती हातात देतो. फॉर्म भरला म्हणून सगळे निवांत होतात. पण प्रवेशपत्राची सूचना, बदललेली तारीख, पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक हे सगळं आता त्या कॅफेच्या इनबॉक्समध्ये जाणार, शेकडो पोरांच्या मेलच्या ढिगात. तो बिचारा कुणाकुणाला फोन करणार?

म्हणून पहिली विनंती. अर्जावर ईमेल विद्यार्थ्याचाच हवा आणि मोबाइल नंबर घरात रोज चालू असलेला हवा. दहावीला असताना कुणीतरी काढून दिलेला ईमेल असेल तर तो आज उघडतो का, ते बघा. दोन वर्षं हात न लावलेली खाती गूगल बंद करू शकतं. नव्वद दिवस न वापरलेलं सिमही बंद होऊ शकतं, मग ओटीपी येणार कुठे? खातं उघडलं की पासवर्ड परत मिळवण्यासाठी आईचा किंवा वडिलांचा नंबर त्यात जोडून ठेवा.

यापेक्षा फसवी अडचण जागेची आहे. गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ, सुप्रभातची फुलं, यात्रेचे फोटो साठत साठत जागा भरते आणि नवा मेल आत येणंच थांबतं. फोन व्यवस्थित चालू असतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मेल न येण्याचं हे कारण कॅफेत सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं. स्पॅमचा कप्पाही उघडून बघा. तिथला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो.

काही जण म्हणतील, सीईटी तर केंद्रावर जाऊन द्यायची, संगणक त्यांचा, आम्हाला या सगळ्याची काय पडली? परीक्षेपुरतं ते खरं. पण प्रवेशपत्र, आपण दिलेली उत्तरं, उत्तरतालिकेवर हरकत घेण्याची मुदत, नंतरची प्रवेशफेरी हे सगळं तुमच्याच लॉगिनमध्ये असतं. शिवाय घरून द्यायच्या परीक्षा वाढतच आहेत. कॉलेजच्या चाचण्या गूगल फॉर्मवर होतात, नोकरी देणाऱ्या कंपन्यांची पहिली चाळणी कॅमेऱ्यासमोर होते, आणि शिकाऊ वाहन परवान्याची चाचणीसुद्धा २०२१ पासून घरबसल्या देता येते.

कोरोनाच्या काळात काय झालं ते आठवा. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्ट २०२० ला आला आणि राज्यातल्या बहुतेक मुलांना ती परीक्षा घरून द्यावी लागली. त्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची परीक्षा सर्व्हर कोलमडल्याने पुढे ढकलावी लागली. विद्यापीठाने तो सायबर हल्ला असल्याचं सांगितलं. तसलं संकट आपल्या हातात नाही. आपला लॅपटॉप मात्र आहे.

तो परीक्षेच्या दोन दिवस आधी तपासा, आणि ज्या यंत्रावर परीक्षा द्यायची तेच तपासा. विंडोज ७ किंवा ८.१ वर चालणाऱ्या जुन्या संगणकांना २०२३ पासून नवं क्रोम मिळत नाही. परीक्षेची साइट तिथे अडून बसू शकते, तेव्हा दुसरी सोय आधीच करा. संगणकाचं घड्याळ चुकलं असेल तर चांगली साइटही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. कॅमेरा आणि माइकची परवानगी पत्त्याच्या पट्टीतल्या डावीकडच्या चिन्हावर मिळते. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक तिथेच दाबू नका, कॉपी करून क्रोममध्ये उघडा. दादाचं खातं लॉगिन असेल तर गूगल फॉर्म तुम्हाला दारातच अडवू शकतो. आणि क्रोमचं आपोआप भाषांतर बंद ठेवा! प्रश्न एका भाषेत, पर्याय भलत्याच भाषेत आणि अर्थ तिसराच, अशी गंमत त्या वेळी परवडत नाही.

वीज गेली की वायफायचं राउटरही जातं. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा आणि त्या फोनवर येणारे कॉल त्या तासापुरते बंद करा.

साइटच्या पत्त्याकडे नीट बघा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलं की सरकारी, हे बरोबर. पण राज्याच्या सीईटी कक्षाचा पत्ता ‘महासीईटी डॉट ओआरजी’ असा संपतो, त्यामुळे नुसत्या शेपटावर विसंबू नका. अधिकृत माहितीपत्रकात छापलेला पत्ता स्वतः टाइप करा. ‘परीक्षेसाठी एनीडेस्क घ्या’ असा फोन आला तर ठेवून द्या, त्या ॲपने समोरचा तुमचा फोन लांबून चालवू शकतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

कॅफे आणि सेतू केंद्र चालवणाऱ्या मंडळींनो, मुलाचा ईमेल नसेल तर आधी तो काढून द्या, दहा रुपये जास्त घ्या. काम झालं की लॉगआउट करा आणि ब्राउझरमध्ये साठलेली माहितीही पुसा. तुमच्या ब्राउझरने साठवलेलं आधीच्या पोराचं नाव पुढच्याच्या अर्जात उतरू शकतं.

नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी आणणाऱ्या मलकापूरला घरोघरी जाऊन तपासणी कशी करायची हे शिकवायला नको. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी आपापल्या गल्लीतल्या दहावी-बारावीच्या मुलांचे फोन या रविवारी बघून द्यावेत. ज्यांच्याकडे फायबरची लाइन आणि एखादी रिकामी खोली आहे, त्यांनी ढेबेवाडी खोऱ्यातून येणाऱ्या, रेंज नसलेल्या मुलांना परीक्षेपुरती ती द्यावी. आणि येणाऱ्याने आदल्या संध्याकाळीच येऊन लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडून बघावा.