नारळ देण्याची किंमत

11 नोव्हेंबर 2023च्या शनिवारी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने मिसिसिपी स्टेटला 51-10 असे लोळवले आणि रविवारी प्रशिक्षक जिम्बो फिशर यांच्या हाती नारळ पडला. करारानुसार त्यांचे देणे निघाले सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सव्वासहाशे कोटी रुपयांच्या वर. सरकारी विद्यापीठाला ही रक्कम शोभत नाही.

याचे खापर फिशर यांच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे. 2017 मध्ये दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरची पूर्ण हमी असलेला करार विद्यापीठानेच पुढे केला. 2020चा हंगाम चांगला गेला, तेव्हा मुदतीची सहा वर्षे शिल्लक असतानाच तो 2031 पर्यंत वाढवला. फिशर यांना दुसरीकडे नोकरी लागली तरी देण्यातून एक डॉलरही वजा होणार नाही, हेही कबूल केले.

ही वजावट किती मोलाची, ते पेन स्टेट विद्यापीठाने दाखवून दिले. ऑक्टोबर 2025 मध्ये प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढले, तेव्हा देणे सुमारे 4 कोटी 90 लाखांचे होते. पुढच्याच महिन्यात ते व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि पेन स्टेट सुमारे 90 लाखांत सुटले.

सह्या करणाऱ्यांना मात्र लगेच झळ बसत नाही. फिशर यांना आणणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढे लुइझियाना स्टेटला गेले आणि तिथे त्यांनी ब्रायन केली यांना प्रशिक्षक म्हणून आणले. 2025 मध्ये केली यांना हटवताना तिथेही 5 कोटी डॉलरहून मोठ्या देण्याचा पेच उभा राहिला.

पैसा देणगीदारांचा आहे, हा बचाव लंगडा आहे. देणगी विद्यापीठाला मिळते, तेव्हा ती कुठे खर्च होते याचा जाबही विद्यापीठानेच द्यायचा असतो. 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पण एका विद्यापीठातल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्यांना मिळून पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. एका प्रशिक्षकाला घरी बसवण्याचा खर्च त्याच्या साडेतीन पटींहून जास्त!

खेळाडूंना मर्यादा लागू होते, तर प्रशिक्षकांच्या भरपाईलाही ती हवी. नव्या पगाराची वजावट प्रत्येक करारात सक्तीची करावी आणि एका हंगामाच्या यशावर मुदतवाढ देणे विद्यापीठांच्या नियामक मंडळांनी तातडीने थांबवावे.